कृष्णविवराला स्वतःचे चुंबकीय क्षेत्र नसते, तर मग एम८७ भोवतीचे क्षेत्र कोणाचे?

नदीकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी रसायनशास्त्राचा पदवीधर आहे आणि खगोलशास्त्र निव्वळ आवडीपोटी वाचतो, त्यामुळे प्रश्न विचारण्यात काही चूक झाली असेल तर ती जरूर दाखवून द्यावी.

कन्या तारकासमूहातील एम८७ या दीर्घिकेच्या केंद्रस्थानी असलेल्या कृष्णविवराचे चित्र एप्रिल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. पुढे २४ मार्च २०२१ रोजी इव्हेंट होरायझन टेलिस्कोपच्या (पृथ्वीभरच्या रेडिओ दुर्बिणी एकत्र जोडून केलेल्या दुर्बिणीच्या) गटाने तेच तेजस्वी कडे पुन्हा प्रसिद्ध केले. त्या वेळी मात्र कड्यावर भोवऱ्यासारख्या वळलेल्या बारीक रेषा होत्या आणि त्यांवरून तेथील चुंबकीय क्षेत्राची रचना समजते, असे सांगण्यात आले. ते चित्र मी बराच वेळ न्याहाळले आणि त्यातून तीन शंका उभ्या राहिल्या.

पहिली शंका अशी, की कृष्णविवराला वस्तुमान, परिवलन आणि विद्युतभार एवढेच गुणधर्म असतात असे मी वाचले आहे. मग हे क्षेत्र आले कोठून? दुसरी शंका त्या रेषांविषयी आहे. साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवरून येणाऱ्या रेडिओ लहरींमधून चुंबकीय क्षेत्राची दिशा नेमकी वाचतात कशी? तिसरी शंका मला सर्वांत जास्त छळते. या क्षेत्राची तीव्रता १ ते ३० गॉस (गॉस हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) सांगितली जाते. फ्रिजच्या दारावर चिकटवायचा साधा चुंबकही शंभर गॉसच्या आसपास असतो आणि रुग्णालयातील एमआरआय यंत्रात तर १५,००० गॉसचे क्षेत्र असते. एवढ्या क्षीण क्षेत्रामुळे दीर्घिकेच्या केंद्रातून हजारो प्रकाशवर्षे पसरणारा द्रव्याचा झोत सुटतो, हे मनाला पटत नाही.

तबकडी (प्रतिसाद)

तिन्ही शंका रास्त आहेत. पहिल्या शंकेचे उत्तर मी देतो.

आपण वाचले ते बरोबर आहे. ते क्षेत्र कृष्णविवराचे नाही, भोवती फिरणाऱ्या वायूचे आहे. चुंबकीय क्षेत्र टिकायचे तर कोठेतरी विद्युतप्रवाह वाहावा लागतो, आणि तो प्रवाह येथे घटना क्षितिजाबाहेरच्या (ज्या सीमेच्या आतून प्रकाशही परत येत नाही, तिच्या बाहेरच्या) तप्त, विद्युतभारित वायूतून, म्हणजे प्लाझ्मातून वाहतो. भोवतालचा सगळा वायू एका क्षणात नाहीसा झाला अशी कल्पना केली, तर कृष्णविवर ते क्षेत्र धरून ठेवू शकणार नाही. काही भाग क्षितिजाआड जाईल, उरलेले क्षेत्र प्रारणाच्या रूपाने निसटून जाईल, आणि त्याला लागणारा वेळ प्रकाशाला ते अंतर कापण्यास लागणाऱ्या वेळेच्या घरातला असेल. एम८७ चे कृष्णविवर सूर्याच्या सुमारे ६५० कोटी पट वस्तुमानाचे आहे आणि त्याची त्रिज्या ओलांडण्यास प्रकाशाला साधारण १८ तास लागतात. म्हणजे सगळे काही दिवसांत आटोपेल. क्षेत्र आजही तेथे आहे, याचा अर्थ वायू ते सतत आणून पोहोचवतो आहे.

वायूजवळ तरी ते कोठून येते, असे आपण विचाराल. दीर्घिकांमधील विरळ वायूतही चुंबकीय क्षेत्र असते, मात्र ते अगदी क्षीण, आपल्या आकाशगंगेत काही मायक्रोगॉस (गॉसचा दहा लाखावा भाग) एवढेच. स्वीडनचे हान्नेस आल्व्हेन यांनी १९४२ मध्ये दाखवून दिले, की विद्युतवाहक द्रवात क्षेत्ररेषा त्या द्रवाला जणू जखडलेल्या असतात. याच क्षेत्रातील कार्यासाठी त्यांना १९७० चे नोबेल पारितोषिक मिळाले. वायू जेथे जाईल तेथे रेषाही त्याच्यासोबत ओढल्या जातात. भिजवलेल्या कणकेत रंगीत दोरे घालून ती मळू लागलो, की दोरे कणकेबरोबर ताणले जातात, वळतात, दुमडतात, पण कणकेतून सुटत नाहीत, तसा हा प्रकार आहे. वायूचा एखादा पट्टा आक्रसून त्याची त्रिज्या शंभराव्या हिश्श्यावर आली, तर त्याच रेषा दहा हजारांश क्षेत्रफळात दाटतात आणि क्षेत्र दहा हजार पट होते. त्याखेरीज कृष्णविवराभोवती वायूची जी चपटी तबकडी बनते, तिच्यातील फिरणे त्यांना गुंडाळत जाते, त्यानेही तीव्रता वाढते.

आपण विचारले नाही, तरी एक मुद्दा येथेच मांडतो, कारण तो मला या विषयाचा गाभा वाटतो. क्षेत्र नसते तर वायू कृष्णविवरात पडलाच नसता. फिरणाऱ्या वस्तूला आत पडायचे तर आपला कोनीय संवेग (फिरण्याचा जोर) कोणाला तरी देऊन टाकावा लागतो. शनीची कडी कोट्यवधी वर्षे फिरत राहतात, शनीवर कोसळत नाहीत, त्याचे कारण हेच. तबकडीतील वायूचे दोन शेजारी गोळे घ्या, एक किंचित आत, दुसरा किंचित बाहेर, आणि एक क्षेत्ररेषा दोघांना स्प्रिंगसारखी जोडणारी. आतला गोळा वेगाने पुढे जातो, स्प्रिंग ताणली जाते आणि त्याला मागे खेचते. त्याचा कोनीय संवेग घटतो आणि तो आणखी आत घसरतो. बाहेरच्याला पुढे ओढ बसते, तो आणखी बाहेर सरकतो. अंतर वाढल्याने स्प्रिंग आणखी ताणते, आणि हे चक्र स्वतःलाच वाढवत नेते. या अस्थिरतेचे गणित रशियाच्या वेलिखोव्ह यांनी १९५९ मध्ये आणि आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९६० मध्ये मांडले होते. परंतु तबकड्यांमधील तिचे महत्त्व १९९१ मध्ये स्टीव्हन बाल्बस आणि जॉन हॉली यांनी दाखवून दिले. मधली तीस वर्षे हे गणित छापील पानांवर उपलब्ध असूनही तबकडीच्या प्रश्नाशी कोणी जोडले नाही, याची मला आजही हळहळ वाटते.

अधिकमास (प्रतिसाद)

दुसऱ्या शंकेचे उत्तर घरबसल्या पडताळून पाहता येईल, म्हणून तसेच सांगतो. ध्रुवित काचांचा गॉगल असेल तर तो लॅपटॉपच्या पडद्यासमोर धरा आणि सावकाश फिरवा. एका ठरावीक कोनाला पडदा काळाठिक्कर पडतो आणि तेथून काटकोनात वळवला की पुन्हा उजळतो. पडद्याच्या प्रकाशातील विद्युत क्षेत्र एकाच दिशेने कंप पावते, म्हणजेच तो प्रकाश ध्रुवित असतो, आणि गॉगलची काच ती दिशा ओळखते. पडद्याला हात न लावता, केवळ दूर बसून काच फिरवून, त्या कंपनाची दिशा आपण मोजली. रेडिओ दुर्बिणीही हेच करतात, फरक एवढाच की त्या काच फिरवत नाहीत. येणाऱ्या लहरीचे दोन घटक त्या वेगवेगळे नोंदवतात आणि त्यांच्या तुलनेतून दिशा काढतात.

आता या दिशेचा क्षेत्राशी संबंध कसा, ते पाहू. एम८७ च्या कड्यातील प्रकाश तापलेल्या लोखंडासारखा निव्वळ उष्णतेतून आलेला नाही. प्रकाशाच्या जवळपास वेगाने धावणारे इलेक्ट्रॉन क्षेत्ररेषांभोवती मळसूत्री फिरतात आणि फिरताना प्रारण सोडतात. याला सिंक्रोट्रॉन प्रारण म्हणतात. त्याचे ध्रुवण क्षेत्ररेषेच्या काटकोनात असते. म्हणून कड्याभोवतीचे क्षेत्र केवळ बांगडीसारखे गोल गुंडाळलेले असते, तर ध्रुवणाच्या रेषा सायकलच्या आऱ्यांप्रमाणे केंद्राकडून बाहेर गेलेल्या दिसल्या असत्या. तशा त्या दिसल्या नाहीत. त्या कड्याला बिलगून, भोवऱ्यासारख्या तिरक्या वळलेल्या आहेत. म्हणजे क्षेत्राचा मोठा भाग केंद्राच्या दिशेने किंवा तबकडीला उभा छेद देणारा आहे. अर्थात कृष्णविवर प्रकाशाचा मार्ग वाकवते आणि वायूच्या प्रचंड वेगामुळे दिशाही बदललेल्या दिसतात. या दोन्हींचा हिशेब संगणकीय प्रतिरूपांतून करावाच लागतो.

ध्रुवणाचे प्रमाणही बोलके आहे. क्षेत्र अगदी नीट रांगेत असेल तर सिंक्रोट्रॉन प्रारण सुमारे ७० टक्के ध्रुवित असू शकते. एम८७ च्या कड्यावर ते जास्तीत जास्त १५ टक्क्यांच्या आसपास आढळले. याचा अर्थ चित्राच्या रेखीवपणापलीकडच्या लहान अंतरांवर क्षेत्र गुंतलेले आहे आणि वायूतून येताना ध्रुवणाची दिशा वळून ते काही अंशी पुसलेही गेले आहे.

२०१९ आणि २०२१ या दोन चित्रांत दोन वर्षांचे अंतर का पडले, याचेही कारण येथेच आहे, कारण निरीक्षणे तीच, एप्रिल २०१७ मधील होती. प्रत्येक दुर्बिणीच्या ग्राहक यंत्रात (रिसीव्हरमध्ये) लहरीच्या एका घटकाचा अंश दुसऱ्यात झिरपतो आणि हा अंश प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो. तो वजा केल्याशिवाय मिळालेली दिशा आकाशातली की यंत्रातली, हे सांगता येत नाही. हे काम मोठ्या चिकाटीचे आहे.

नदीकाठ (प्रतिसाद)

दोघांचाही आभारी आहे. गॉगलचा प्रयोग लगेच करून पाहिला आणि पडदा खरोखर काळा झाला.

तिसरी शंका मात्र कायम आहे, किंबहुना अधिकच तीव्र झाली आहे. क्षेत्र एवढे क्षीण असताना ते वायूला वाकवते, आत ओढते आणि झोतही सोडते, हे कसे?

तबकडी (प्रतिसाद)

येथे गॉस हा आकडा एकटा पाहून चालत नाही. क्षेत्र कोणाला ढकलते आहे आणि किती मोठ्या जागेत पसरले आहे, या दोन्ही गोष्टी सोबत घ्याव्या लागतात.

आधी ढकलण्याचा हिशेब करू. चुंबकीय क्षेत्राला दाब असतो. ३० गॉस क्षेत्राचा दाब सुमारे ३.६ पास्कल भरतो, म्हणजे आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाच्या अठ्ठावीस हजाराव्या हिश्श्याएवढा. आपल्या घरातल्या हवेवर त्याचा काहीच प्रभाव पडणार नाही. पण घरातल्या हवेच्या एका घन सेंटिमीटरमध्ये सुमारे २५ या आकड्यावर १८ शून्ये एवढे रेणू असतात, आणि एम८७ च्या कड्यातील तेवढ्याच जागेत निरीक्षणांवरून दहा हजार ते एक कोटी एवढेच इलेक्ट्रॉन असल्याचा अंदाज आहे. ती जागा आपल्या दृष्टीने जवळजवळ निर्वात आहे. वायू अब्जावधी अंश तापलेला असला तरी इतका विरळ आहे, की त्याचा दाब आणि क्षेत्राचा दाब तोलामोलाचे ठरतात. तेथे क्षेत्राला वायूच्या कलाने वाहत जावे लागत नाही, वायूलाच क्षेत्राचे ऐकावे लागते.

क्षेत्र कृष्णविवराशी साचत साचत इतके दाटले, की आत येणाऱ्या वायूला त्याने अडवावे, अशा अवस्थेची कल्पना बिस्नोवाती-कोगन आणि रुझमैकिन यांनी १९७४ मध्ये मांडली होती. २००३ मध्ये रमेश नारायण, इगुमेन्शेव्ह आणि अब्रामोविच यांनी तिला चुंबकाने रोखलेली तबकडी असे नाव दिले. या अवस्थेत वायू संथपणे ओघळत नाही. क्षेत्राच्या फटींमधून तो धारांनी, हप्त्याहप्त्याने आत घुसतो, आणि मधूनमधून क्षेत्राचे लोटच्या लोट बाहेर फेकले जातात.

आता जागेचा हिशेब. १९७७ मध्ये रॉजर ब्लँडफोर्ड आणि रोमन झ्नाजेक यांनी दाखवले, की फिरणाऱ्या कृष्णविवराला क्षेत्ररेषा भेदून जात असतील तर ते जनित्रासारखे वागते, कारण ते स्वतःभोवतीचा अवकाशच फिरवते आणि रेषा त्यात पिळल्या जातात. शाळेतल्या प्रयोगशाळेत चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तांब्याची चकती फिरवली की मध्य आणि कड यांच्यात विद्युतदाब निर्माण होतो, तोच प्रकार, फक्त चकतीची जागा येथे अवकाशाने घेतली आहे. अगदी ढोबळ आकडे मांडू. क्षेत्र ३० गॉस म्हणजे ०.००३ टेस्ला. वेगाने फिरणाऱ्या या कृष्णविवराच्या क्षितिजाची त्रिज्या १० चा १३ वा घात मीटर. वेग प्रकाशाच्या घरातला. या तिघांचा गुणाकार केला की सुमारे १० च्या १९ व्या घाताएवढा व्होल्ट येतो. क्षितिजाला विद्युतरोध असल्यासारखे गणित करता येते आणि तो ३७७ ओहम निघतो. विद्युतदाबाचा वर्ग भागिले रोध या आपल्या नेहमीच्या सूत्राने शक्ती निघते १० च्या ३५ व्या घाताच्या दुपटीहून थोडी अधिक वॅट, म्हणजे सुमारे ६० कोटी सूर्यांची. एम८७ च्या झोताची शक्ती निरीक्षणांवरून किमान १० चा ३५ वा घात वॅट धरली जाते. पाठकोऱ्या कागदावर केलेला हिशेब इतका जवळ यावा, हे पाहून मी पहिल्यांदा आकडे तपासले तेव्हा थक्क झालो होतो.

तात्पर्य, ३० गॉस लहान आहे, पण त्याला गुणणारी त्रिज्या लहान नाही. फ्रिजवरच्या चुंबकाचे क्षेत्र बोटभर अंतरावर संपते. हे क्षेत्र आपल्या सूर्यमालेहून मोठ्या जागेत पसरलेले आहे. हेबर कर्टिस यांनी १९१८ मध्ये लिक वेधशाळेच्या छायाचित्रांत एम८७ मधून निघालेला एक सरळ किरण नोंदवला, तोच हा झोत. वॉल्टर बाडे यांनी १९५६ मध्ये त्याचा प्रकाश ध्रुवित असल्याचे मोजले आणि तेथे सिंक्रोट्रॉन प्रारण आहे हे पक्के झाले.

पडताळणी (प्रतिसाद)

वरील प्रतिसाद उत्तम आहेत. तरी एका गोष्टीकडे लक्ष वेधणे मला आवश्यक वाटते. चुंबकाने रोखलेली तबकडी एम८७ मध्ये आहे असे चित्रातून थेट दिसत नाही. गटाने अनेक संगणकीय प्रतिरूपे तयार केली, त्यांची ध्रुवित चित्रे प्रत्यक्ष चित्राशी ताडून पाहिली, आणि तीव्र क्षेत्राची प्रतिरूपे अधिक जुळली. हा भक्कम निष्कर्ष आहे, पण निष्कर्षच आहे. १ ते ३० गॉस हा पल्लाही तसाच निघाला आहे. त्याची दोन टोके तीस पटींनी वेगळी आहेत, आणि वरच्या हिशेबात क्षेत्राचा वर्ग येत असल्याने शक्तीतील फरक नऊशे पटींचा होतो. ३० ऐवजी १० गॉस धरले तरी शक्ती नवव्या हिश्श्यावर येते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये याच गटाने २०१७, २०१८ आणि २०२१ या तीन वर्षांची एम८७ ची ध्रुवित चित्रे शेजारी शेजारी ठेवली. कड्याचा आकार तिन्हींत जवळपास सारखाच आहे, आणि तो तसा असायलाच हवा, कारण तो गुरुत्वाकर्षणाने ठरतो. ध्रुवणाच्या रेषांचा पीळ मात्र २०१७ मध्ये एका दिशेने होता, २०१८ मध्ये तो बराचसा मावळला आणि २०२१ मध्ये उलट दिशेने वळलेला आढळला. पहिले चित्र पाहून त्या भोवऱ्याला आपण त्या जागेची कायमची खूण समजू लागलो होतो. ती कायमची नव्हती.

नदीकाठ (प्रतिसाद)

याचा अर्थ चार वर्षांत सगळे क्षेत्रच उलटले, किंवा तबकडी उलट फिरू लागली, असा घ्यायचा का?

पडताळणी (प्रतिसाद)

तबकडी उलटली, असा अर्थ घेता येणार नाही. एवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराभोवतीच्या वायूला इतक्या कमी काळात उलट फिरवणे शक्य नाही. दोन शक्यता उरतात आणि त्या एकत्रही घडत असतील. एक म्हणजे कड्यातील क्षेत्ररेषांची रचना खरोखर बदलली. क्षेत्र खळबळते, लोट बाहेर फेकले जातात, हे वर आलेच आहे. दुसरी म्हणजे कडे आणि आपण यांच्यामधल्या वायूने ध्रुवणाची दिशा वळवली. चुंबकीय क्षेत्र असलेल्या वायूतून जाताना ध्रुवण वळते, हा फॅरेडे परिणाम. तो वायू बदलला, की आपल्याला दिसणारा पीळही बदलतो. हे दोन परिणाम वेगळे करण्यासाठी एकाच वेळी दोन तरंगलांबींवर निरीक्षणे हवीत, कारण फॅरेडे परिणाम तरंगलांबीच्या वर्गाने बदलतो आणि क्षेत्राची मूळ दिशा बदलत नाही.

खोडदवाट (प्रतिसाद)

तरंगलांबीचा विषय निघालाच आहे, तर नारायणगावाजवळच्या खोडदच्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीबद्दल थोडे लिहितो, कारण विज्ञानदिनाला तेथे गेल्यावर, या दुर्बिणीतून ते कडे दिसेल का, असा प्रश्न मुले हमखास विचारतात. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. जवळ उभे राहून वर पाहिले की तबकडीच्या तारांच्या जाळीतून चक्क आकाश दिसते. मीटरभर लांबीच्या लहरींना ती जाळी भिंतीसारखीच असते, मिलिमीटर लहरींना मात्र ती अडवू शकत नाही.

तेथून २१ सेंटिमीटर तरंगलांबीवर सुमारे २ विकलांपर्यंतचे (विकला म्हणजे एका अंशाचा ३,६०० वा भाग) बारकावे दिसतात. एम८७ चे कडे ४२ सूक्ष्मविकला (विकलेचे दहा लाखावे भाग) आहे, म्हणजे जवळपास पन्नास हजार पट लहान. इव्हेंट होरायझन टेलिस्कोप १.३ मिलिमीटर लहरी वापरतो आणि त्याच्या दुर्बिणी पृथ्वीभर पसरलेल्या आहेत. वरच्या वर्गाच्या नियमाने पाहिले, तर २१ सेंटिमीटरवर ध्रुवण १.३ मिलिमीटरच्या तुलनेत सव्वीस हजार पट अधिक वळेल, शिवाय केंद्राजवळचा वायू त्या लहरींना पारदर्शकही नसतो. म्हणून खोडदहून कडे दिसणार नाही. पण त्या कड्यातून निघालेले झोत लाखो प्रकाशवर्षे जाऊन जे फुगे फुगवतात, त्यांतील क्षीण क्षेत्र मीटर लहरींवरच उत्तम दिसते.

आपल्या आकाशगंगेच्या केंद्राचे उदाहरणही यात जोडावे. तेथील कृष्णविवर ४० लाख सूर्यांएवढे आहे, म्हणजे बरेच लहान, आणि त्याचे ध्रुवित चित्र मार्च २०२४ मध्ये आले. एम८७ शी त्याचे साम्य पाहून अनेकांना आश्चर्य वाटले, कारण तेथे एवढा ठळक झोत दिसत नाही, तरीही क्षेत्र तसेच पीळदार आणि शिस्तीत आढळले, ध्रुवण तर २४ ते २८ टक्के. त्याच्या जवळच २०१३ मध्ये एक मॅग्नेटार सापडला. हा ३.७६ सेकंदांत एक फेरी घेणारा, तीव्र चुंबकीय क्षेत्राचा न्यूट्रॉन तारा आहे. त्याच्या स्पंदांचे ध्रुवण वाटेतल्या वायूने किती वळवले ते मोजले, तेव्हा कृष्णविवरापासून प्रकाशवर्षाच्या अर्ध्याहूनही कमी अंतरावर किमान ८ मिलिगॉस क्षेत्र असल्याचे कळले. म्हणजे आत पडण्याच्या कितीतरी आधीच वायू पुरेसे क्षेत्र घेऊन निघालेला असतो.

आणि ११ एप्रिल २०१७ च्या, चिलीतील अल्मा या रेडिओ दुर्बिणीच्या नोंदी तर जरूर पाहाव्यात. त्या दिवशी या कृष्णविवराजवळ क्ष-किरणांचा भडका उडाला आणि त्यानंतर ध्रुवणाची दिशा आलेखावर वळसे घेत फिरू लागली. एक फेरी सुमारे ७० मिनिटांची. तप्त वायूचा एक गोळा उभ्या क्षेत्ररेषांमधून कृष्णविवराभोवती प्रकाशाच्या जवळजवळ एकतृतीयांश वेगाने फिरत होता आणि त्याच्या ध्रुवणाचा वळसा चिलीच्या वाळवंटातल्या दुर्बिणींनी मिनिटामिनिटाला टिपला.